रिपोर्ट स्वच्छ, मग ही शीळ येते कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 54, भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा यंत्राने दाबून सुटे भाग बनवतात तिथे) 26 वर्षं नोकरी. आठ महिन्यांपासून दोन्ही कानांत बारीक शिट्टीसारखा आवाज, रात्री जास्त. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासलं, एमआरआयसुद्धा झाला, सगळं ठीक. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, 4000 हर्ट्झजवळ तेवढा एक खड्डा दिसतो, म्हणजे त्या उंच पट्टीत ऐकू कमी येतं. डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या. घरचे म्हणतात, मनाचा खेळ आहे, लक्ष देऊ नका. "मला खरंच ऐकू येतंय हो. मग हा आवाज खरा की मनाचा? आणि कधी थांबणार?"

नमस्कार. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, आहे. चोवीस वर्षं तपासणीच्या आवाजबंद बूथच्या काचेबाहेर बसून लोकांना "आवाज आला की बटण दाबा" सांगते आहे. तुमचा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या डोळ्यांत झोप नसते.

आवाज खरा आहे. तुम्हाला शीळ ऐकू येते म्हणजे येते, त्यात शंका घ्यायचं कारण नाही. फक्त ती बाहेरून येत नाही आणि बहुधा कानातही तयार होत नाही. कानापासून मेंदूपर्यंतच्या ऐकण्याच्या वाटेवर ती तयार होते. घरच्यांनी "मनाचा खेळ" म्हटलं ते "खोटं" या अर्थाने, आणि तिथेच त्यांचं चुकलं. आपण जे काही ऐकतो, त्यात मेंदूची कारागिरी असतेच. शीळ त्याच कारखान्यातला माल आहे, कच्चा माल न येता निघालेला.

तुमच्या ऑडिओग्रामपासून सुरुवात करू. 4000 हर्ट्झजवळचा खड्डा ही गोंगाटाची सही आहे. आतल्या कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात प्रत्येक कानाला साधारण पंधरा-सोळा हजार केशपेशी. उंच पट्टीचे आवाज नळीच्या तोंडाशी ओळखले जातात, खालच्या पट्टीचे आत टोकाशी. वर्षानुवर्षं प्रेसचे दणके बसले की तोंडाजवळच्या, चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या पेशी आधी मरतात. माणसात त्या परत उगवत नाहीत. (कारखान्यासाठी आठ तासांना 90 डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा. ती पाळली म्हणजे कान सुरक्षित, असं मी कोणालाही सांगणार नाही. ऐकण्याची काळजी घेणारे बहुतेक जण 85 धरतात.)

आता त्या पट्टीतला माल कानाकडून यायचा थांबला, पण मेंदूतलं त्या पट्टीचं खातं चालूच आहे. तुमच्या वयाच्या माणसाला मध्यम लहरींवरचा रेडिओ आठवत असेल. स्टेशन अंधुक लागलं की आपण आवाजाचं बटण पिळायचो, आणि बातम्यांबरोबर खरखरही मोठी व्हायची. मेंदू तेच करतो. संदेश कमी आला की तो आतलं बटण वाढवतो, आणि मज्जापेशींची एरवी दबलेली कुजबुज शीळ बनून ऐकू येते. म्हणूनच रुग्णाला त्याच्या शिळेची पट्टी यंत्रावर जुळवायला लावली, तर ती बहुतेकदा ऑडिओग्रामच्या खड्ड्यातच सापडते. जो सूर कान ऐकत नाही, तोच मेंदू वाजवत बसलेला असतो.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. इंग्लंडमधला एक प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. कान उत्तम असलेल्या 18 जणांनी एका कानात सिलिकॉनचा बोळा सात दिवस सतत घातला. त्यातल्या 14 जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले, आणि बोळा काढल्यावर ते गेले. दुसरा पुरावा शस्त्रक्रियेचा आहे. ऐकण्याच्या नसेवर गाठ आली की कधी कधी ती नसच कापावी लागते. त्या कानातून मेंदूकडे काहीच जात नाही, तरी अनेकांची शीळ चालू राहते. पाय गेलेल्या माणसाचा न उरलेला अंगठा ठणकतो, तसलीच ही गोष्ट.

आणि ही कुजबुज फक्त आजारी कानांची नाही. 1953 साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 माणसांना आवाजबंद खोलीत पाच मिनिटं बसवलं आणि ऐकू येईल ते टिपायला सांगितलं. 94 टक्के लोकांनी काही ना काही ऐकलं: गुणगुण, शिट्टी, रातकिडे. नंतरच्या काही प्रयोगांत हा आकडा खाली आला. शिवाय "काय ऐकू येतं ते बघा" म्हटलं की माणूस ऐकायला लागतोच, हेही खरं. पण तुमच्या प्रश्नासाठी माझ्या मते पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कुजबुज बऱ्याच जणांच्या डोक्यात असते. काहींनाच ती रात्रभर जागवते. का?

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. साठीचे, निवृत्त. म्हणाले, "मॅडम, कुकरच्या शिट्टीएवढा आवाज आहे. माझ्या कानाला कान लावलात तर तुम्हालाही येईल." मी त्यांना बूथमध्ये बसवलं, हेडफोन लावले, आधी पट्टी जुळवली. साडेपाच हजार हर्ट्झला म्हणाले, "थोडा वर"; सहा हजारला म्हणाले, "हा, हाच." मग आवाजाची पातळी. अगदी खालून सुरू करून हळूहळू वाढवत नेली. त्यांनी हात वर केला तेव्हा आम्ही होतो त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीच्या फक्त सहा डेसिबल वर. मी परत केलं. परत सहा. तिसऱ्यांदा सात. ते बाहेर आले आणि म्हणाले, "तुमचं मशीन बिघडलंय."

मशीन ठीक होतं. बहुतेक सगळ्यांची शीळ अशीच पाच-दहा डेसिबलमध्ये जुळते. इथे एक बारकावा सांगायलाच हवा, नाहीतर मीही तुम्हाला फसवल्यासारखं होईल: ज्या पट्टीत कान अधू असतो तिथे आवाज चढतो तो झपाट्याने चढतो. अशा कानाला सहा डेसिबल हे चांगल्या कानाच्या सहा डेसिबलपेक्षा मोठं भासतं. तरीही त्याचा कुकर होत नाही. याहून बोलकी गोष्ट अशी की यंत्रावर अगदी सारखीच शीळ जुळणारी दोन माणसं येतात. एक जण म्हणतो, "हो, असते कधी कधी, मी आलो वेगळ्या कामासाठी." दुसऱ्याने नोकरी सोडायचा विचार चालवलेला असतो. शिळेची मोजलेली पातळी आणि तिचा त्रास यांचं गणित जुळत नाही, हे गेल्या कित्येक वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

मग त्रास ठरतो कशावर? मेंदूने त्या आवाजाला काय अर्थ दिला यावर.

तुम्ही प्रेस शॉपमध्ये काढलेली वर्षं इथे माझ्या कामाची आहेत. इतक्या गोंगाटात शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतो ते कळत नाही. पण डायमध्ये (साच्यात) पत्र्याची पट्टी वाकडी गेली, ठोक्याचा आवाज जरासा बदलला, की तुमचा हात आपोआप स्टॉप बटणाकडे जात असेल. तो बदल काही मोठा नसतो, पण तुमच्यासाठी महत्त्वाचा असतो. घरी कुकरचंही तसंच. फोनवर बहिणीशी तावातावाने बोलणारी बाई तिसऱ्या शिट्टीला बोलता बोलता गॅस बंद करते, आणि पहिल्या दोन ऐकल्या का विचारलं तर तिला सांगता येत नाही. मेंदू सगळं ऐकत असतो. आपल्यापर्यंत काय पोहोचवायचं, ते तो निवडतो; धोका आणि काम यांना आधी आत सोडतो.

निवडतो इतकंच नाही, भरही घालतो. कोविडच्या काळात माझ्याकडे एक नवीनच तक्रार यायला लागली: "मास्कमुळे लोकांचा आवाज दबतो, काही कळत नाही." मास्कने आवाज थोडा दबतो हे खरं. पण ऑडिओग्राम काढला की कितीतरी जणांची ऐकण्यातली कमतरता जुनी, सावकाश वाढलेली निघायची. इतकी वर्षं ती जाणवली नव्हती, कारण ते न कळत समोरच्याच्या ओठांवरून ऐकत होते. 1976 साली मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी याचा एक झकास पुरावा दिला: कानावर "बा" टाकायचा आणि पडद्यावर "गा" म्हणणारे ओठ दाखवायचे. बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू येतो "दा". जो कोणी उच्चारलाच नाही, असा वर्ण. डोळे मिटले की लगेच "बा". आणि गंमत म्हणजे युक्ती माहीत असूनही "दा" जात नाही. मी विद्यार्थ्यांना शंभरदा दाखवलं असेल, मला आजही "दा"च ऐकू येतो. तुम्हाला कोणी "आवाज खोटा आहे हे एकदा पटवून घ्या म्हणजे जाईल" म्हणालं, तर हे सांगा. पटण्याने ऐकू येणं बंद होत नाही. पटण्याने भीती कमी होते, आणि पुढचं काम तिथून सुरू होतं.

तुमच्या शिळेकडे परत येऊ. ती बहुधा आठ महिन्यांपेक्षा जुनी असेल. मग एका रात्री, घर शांत असताना, ती लक्षात आली. मनात आलं: हे काय? वाढलं तर? बहिरा होणार का? ट्यूमर? मग एमआरआय. रिपोर्ट यायच्या आधीचे ते चार दिवस मेंदूने त्या आवाजावर "महत्त्वाचं, धोका" असा शिक्का मारून ठेवला. त्यानंतर "सवय करून घ्या, हे असंच राहणार" ऐकलं. खरं सांगायचं तर सल्ला बरोबर होता. पण दोन मिनिटांत, दाराकडे बघत दिलेला बरोबर सल्ला माणसाला शिक्षेसारखा लागतो. आता चक्र असं फिरतं: शीळ ऐकू आली की छाती धडधडते, झोप उडते, झोप उडाली की शांततेत शीळ अजून स्पष्ट, सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम, "आहे का अजून?" हे तपासायचं. जो आवाज रोज सकाळी हजेरी घेऊन तपासला जातो, तो बिनकामाचा आहे असं मेंदूने का मानावं? 1990 च्या सुमारास यास्त्रेबॉफ या संशोधकाने हेच मांडलं: आवाज तयार होणं ही एक गोष्ट, आणि त्याला भावनेची, शरीराच्या घाबरण्याची जोड मिळणं ही दुसरी. उपचार बऱ्याच अंशी दुसरीवर चालतात.

दुसरी गोष्ट सुटते कशी, हे मला कानाच्या मशीनने शिकवलं. वयस्कर माणसाला पहिल्यांदा मशीन बसवलं की पहिला आठवडा तक्रारींचा. "पंखा केवढा वाजतो!" "स्वतःच्या चपला ऐकू येतात." "सून भांडी आपटते का?" एक आजोबा पेपर वाचायला मशीन काढून ठेवायचे, पानांची सळसळ सहन होईना. मी फक्त एवढंच म्हणते की काढू नका, महिन्याने या. महिन्याने येतात तेव्हा विचारते, "पंखा?" ते वर बघतात. "कुठला पंखा?" पंखा तेवढाच वाजतो आहे, मशीनचं सेटिंगही मी बदललेलं नाही. मेंदूने पंख्याची फाईल तपासली, त्यात काही नाही असं पाहिलं आणि बंद केली.

शिळेची फाईलही तशीच बंद होते. उशीर लागतो, कारण तिच्यावर शिक्का आहे. सहा महिने ते दीड वर्ष, असं मी लोकांना सांगते. "आवाज थांबणार का" याचं उत्तर त्यातच आहे: काहींचा पूर्ण जातो, बहुतेकांचा राहतो पण दिवसातले कितीतरी तास तो आहे हे आठवतच नाही. वर सांगितलेले साठीचे गृहस्थ वर्षभराने आले. मी विचारलं, "शीळ?" ते क्षणभर थांबले, मान जराशी तिरकी केली, ऐकलं. म्हणाले, "आहे की." शोधावी लागली, एवढंच माझ्यासाठी पुरेसं होतं.

आता तुम्ही काय करायचं ते.

शांतता टाळा. रात्री खोलीत हलका आवाज असू द्या: पंखा, पावसाचं रेकॉर्डिंग, मंद लावलेला रेडिओ. शिळेपेक्षा किंचित खाली ठेवा. शीळ पूर्ण बुडवून टाकू नका; जे ऐकूच येत नाही त्याची सवय कशी होणार? इथे लोक हमखास चुकतात. इअरफोन लावून मोठ्याने भजनं किंवा गाणी लावतात, बंद केल्यावर शीळ दुप्पट वाटते.

कामावर बोळे किंवा इअरमफ घालाच, 26 वर्षं झाली तरी उरलेल्या पेशी वाचवायच्या आहेत. पण घरी, बाजारात, बसमध्ये ते काढा. शीळ सुरू झाल्यावर काही जण दिवसभर कानात कापूस घालून बसतात. वरचा सिलिकॉनच्या बोळ्याचा प्रयोग आठवा, मग का नको ते कळेल. ढोल-ताशा पथकात असाल किंवा गणपतीत मिरवणुकीच्या डीजेसमोर उभं राहावं लागणार असेल, तर तिथे मात्र बोळे हवेत.

बोलणं समजायला थोडा जरी त्रास होत असेल (गर्दीत, बायकांचे आणि मुलांचे आवाज), तर मशीनची चाचणी घ्या. बाहेरचे आवाज आत आले की मेंदूला बटण पिळायची गरज कमी पडते. "एवढ्याशा कमतरतेला मशीन कशाला" असं लोक म्हणतात. शीळ असेल तर मी लवकर सुचवते. निदान आठवडाभर वापरून तरी बघा.

औषधांबद्दल स्पष्टच सांगते. शीळ बंद करतं असं सिद्ध झालेलं एकही औषध आज नाही. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), जस्ताच्या गोळ्या, मेलाटोनिन (झोपेसाठी घेतात ते) या सगळ्यांची आपल्याकडे सर्रास चिठ्ठी मिळते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये शिळेसाठी ती देऊ नयेत असंच सांगितलं. कानात लसणीचं तेल तर अजिबात नको. सुश्रुतसंहितेतही कर्णनाद वेगळा नोंदलेला आहे, म्हणजे तक्रार जुनी आहे. जुनी आहे म्हणून घरचा प्रत्येक उपाय निर्धोक ठरत नाही.

ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे ती सीबीटी, म्हणजे विचारांवर आणि वागण्यावर काम करणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धत. ती आवाज लहान करत नाही, आवाजाचा जाच लहान करते. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की लोक दुखावतात, "म्हणजे मॅडम, तुम्हीही तेच म्हणताय." तेच नाही म्हणत. गुडघा बदलल्यावर व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट लागतो, त्याने गुडघा खोटा ठरत नाही. झोप सलग दोन-तीन आठवडे गेलेली असेल किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटत असेल, तर मात्र हे पुढे ढकलू नका, याच आठवड्यात जा.

पुढची लक्षणं तुमच्या बाबतीत दिसत नाहीत, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धक-धक येत असेल, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, तर सवयीच्या गोष्टी करत बसू नका, आधी तपासणी. एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, त्यावरच्या औषधाला मुदत असते. आणि कधी कधी सगळा खेळ कानातल्या मळाचा असतो. तो निघाला की माणूस टेबलावरच हसायला लागतो. आमच्या धंद्यातले ते सगळ्यात सोपे पैसे.

घरच्यांना एक सांगा: "आज कसा आहे आवाज?" हे विचारणं बंद करायचं. ते प्रेमाने विचारतात, पण प्रत्येक वेळी तुम्हाला आत डोकावून बघावं लागतं. आणि कंपनीत दरवर्षी कानाची तपासणी होत असेल तर जुने ऑडिओग्राम मागून घ्या, निदान पाच-सहा वर्षांचे. तो खड्डा किती वर्षांपूर्वी पडायला लागला ते त्यात दिसेल. पुढच्या भेटीत ते कागद तुमच्या ऑडिओलॉजिस्टपुढे ठेवा.